पांढरी पाचच्या जरा वर

रेकॉर्डवर तानपुरे दोन होते. आमच्या खोलीत तीन ऐकू येत होते.

तिसरा गाणं सुरू व्हायच्या आधीच लागलेला असे. आर्म उचलून जागेवर ठेवला तरी तो थांबत नसे आणि त्याचा सूर कुणाशीच जुळत नसे. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे. दिसायला कमी येतं, कान मात्र शाबूत. पहिल्या पाच मिनिटांतच तिनं विचारलं, "हा कोण रे मधेच सा लावून बसलाय?"

मी पेटी काढून बसलो. पांढरी पाच दाबली तर ती किंचित उतरलेली वाटली, काळी चार दाबली तर चढी. हा गृहस्थ दोघींच्या मधे कुठेतरी होता आणि त्याचं मूळ घर आमच्या पेटीच्या खर्जाच्याही खाली होतं. कागदावर हिशेब मांडल्यावर उलगडा झाला. पांढरी पाचचा अगदी तळातला सूर सेकंदाला ४९ कंपनांचा. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. आत्याचा 'कोण' म्हणजे वीजमंडळ होतं. (अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिकडचा बिघडलेला रेकॉर्ड प्लेअर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे गुणगुणत असणार. हा शोध मला उगाचच फार आवडला.)

प्लेअर मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला होता. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि रविवारी सकाळी लवकर पोचलं तर चांगल्या वस्तू दिसतात असं जाणकार सांगतात. मी साडेअकराला पोचलो. शिलाई मशीनचं डोकं आणि बिनझाकणाचे तीन कुकर यांच्यामध्ये तो पडला होता. जपानी बनावटीचा, बेल्टवर चालणारा, ॲल्युमिनियमचं जड ताट, सरळ आर्म. विकणाऱ्यानं ताट बोटानं फिरवून दाखवलं. "वाजतंय, साहेब. वायरपण नवीन टाकलीय."

नवीन वायर! ती लाल-काळी होती. स्पीकरला किंवा दाराच्या बेलला लावतात तसली दोन पदरी वायर, डावीसाठी एक आणि उजवीसाठी एक, टोकाला स्वस्तातल्या आरसीए पिना. मला त्यात काही खटकलं नाही. तांबं ते तांबं, असं मला वाटलं. साडेचार हजारांत सौदा झाला आणि रिक्षात तो मांडीवर घेऊन मी घरी आलो. आत्याच्या कपाटात गीतरामायणाच्या संचापासून ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत असं दीडेकशे रेकॉर्डांचं भांडार पंचवीस वर्षं मुकं पडलं होतं. ते ऐकायचं एवढाच हेतू होता.

नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर एक काका बसतात. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करत त्यांची उमेदीची वर्षं गेली, मग ट्रान्झिस्टर आले, मग टीव्ही, आणि आता सगळं बंद करून ते फक्त आवडीच्या वस्तू हातात घेतात. नाव छापायचं नाही या अटीवर त्यांनी मला त्यांच्या टेबलाशी तीन संध्याकाळी बसू दिलं. प्लेअर बघितल्यावर त्यांनी पहिल्यांदा वायर हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ही दाराला लावायची वायर आहे. कुणी घातली?"

मग त्यांनी निदान सुरू केलं, आणि ते एखाद्या जुन्या वैद्यानं नाडी बघावी तसं होतं. सुई उचलली. आवाज थांबला नाही. म्हणजे मोटरची घरघर नव्हे, कारण ती सुईवाटेच येते आणि सुई उचलली की जाते. आर्मच्या धातूला बोट लावलं. आवाज वाढला. "अर्थ नाहीये," ते म्हणाले. मागे पिनांच्या शेजारी एक तिसरी बारीक वायर असायला हवी, टोकाला बेचकीसारखा पत्रा असलेली. ती ॲम्पच्या मागच्या स्क्रूला अडकवायची असते. ती मुळापासून कापलेली होती. मग लाल-काळी वायर त्यांनी हातानं थोडी हलवली, ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरजवळ नेली, लांब केली. आवाज त्याबरोबर वर-खाली होत होता, जणू काकाच त्याला तालीम देत होते.

इथं थोडं थांबायला हवं, कारण या एका वायरीला एवढे नखरे का, हे कळल्याशिवाय पुढची खटपट वेडेपणा वाटेल. टीव्हीच्या मागच्या वायरी आपण हव्या तशा गुंडाळतो, कोंबतो, आणि काही होत नाही. मग हिलाच काय झालं?

सुई खाचेतून जाताना थरथरते. तिच्या दांडीच्या मागच्या टोकाला इवलं लोहचुंबक असतं. ते दोन वेटोळ्यांच्या मधे हलतं आणि वेटोळ्यांत वीज तयार होते. या सगळ्या जुळणीला कार्ट्रिज म्हणतात; मी नवी बसवलेली ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई. तिच्या कागदावर लिहिलंय की ती ४ मिलिव्होल्ट देते. भिंतीतल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, म्हणजे साडेसत्तावन्न हजार पट. एकाच खोलीत हे दोघं नांदतात आणि त्यातल्या धाकट्यानं सव्वा मीटरचा प्रवास करून ॲम्पपर्यंत पोचायचं असतं.

आणि पोचल्यावर काय होतं? रेकॉर्ड कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वरचे उचललेले. खर्जाचे सूर आहेत तसे कोरले तर खाच इतकी वळणं घेईल की एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचं गाणं मावणार नाही. १९५४ पासून या दाबण्या-उचलण्याचं एक ठरलेलं माप आहे, आरआयएए कर्व्ह नावाचं. ॲम्पमधला फोनो विभाग ते उलटं फिरवतो. मधल्या सुरांना तो सुमारे शंभर पट मोठं करतो, आणि ५० हर्ट्झच्या आसपासच्या सुरांना त्याच्याही सातपट. म्हणजे वायरीत शिरलेला विजेचा हेलकावा सातशेपट होऊन बाहेर पडतो. गंमत अशी की वीजमंडळाचा षड्ज नेमका त्याच पट्टीत बसतो, जिथं फोनो विभाग सगळ्यात उदार आहे.

म्हणून या वायरीला अंगरखा लागतो. मधे एक तार, तिच्यावर प्लास्टिक, आणि त्यावर तांब्याच्या तारांची विणलेली जाळी. बाहेरचा हेलकावा जाळीत अडकतो आणि जमिनीकडे जातो. आतली तार शांत राहते. बाजारात हिला शील्डेड वायर म्हणतात. लाल-काळ्या वायरीला अंगरखा नव्हताच. काका म्हणाले, "निदान दोन पदरांना पीळ तरी द्यायचा होता. तेवढंही केलं नाही."

"बदलू या," मी म्हणालो.

"बदलू या काय? तुम्ही बदला. मी बघतो."

टापकीर गल्लीत मला स्पीकरची वायर मिळाली, माइकची वायर मिळाली, डिशची मिळाली. माइकची वायर चालली असती, पण जाड होती आणि प्लेअरच्या मागच्या भोकातून जाईना. डिशच्या केबलबद्दल काकांचं मत स्वच्छ होतं. गुणांनी उत्तम, पण काठीसारखी ताठ. स्प्रिंगवर टांगलेल्या प्लेअरला ती बाहेरून ढकलत राहील. पुढच्या आठवड्यात मुंबईला दुसरं काम होतं, ते आटपून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. पण रेझिस्टर घ्यायला आलेला कुणी ते नाव घेताना मी ऐकलेलं नाही.

तिथं एका काउंटरवर मी विचारलं, या वायरीची कपॅसिटन्स मीटरला किती? दुकानदारानं माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं. "साहेब, वायर मागताय की कंडेन्सर?"

प्रश्न त्यानं थट्टेनं विचारला, पण उत्तर खरोखरच 'दोन्ही' असं होतं. मधली तार आणि भोवतीची जाळी, त्यांच्यामध्ये प्लास्टिक: हाच तर कंडेन्सर. साध्या शील्डेड वायरीत मीटरला शंभर पिकोफॅरडच्या आसपास भरतो. सीडी प्लेअरच्या वायरीत त्याचं कुणाला सुखदुःख नसतं. कार्ट्रिजच्या बाबतीत मात्र तिच्या आतली वेटोळी आणि हा कंडेन्सर मिळून एक जोडी बनते, आणि प्रत्येक जोडीला आपला एक आवडता सूर असतो. त्या सुरावर ती जोर देते. त्याच्या वर मग आवाज झपाट्यानं ढासळतो. माझ्या कार्ट्रिजची वेटोळी ५५० मिलिहेन्रीची. वायर, आर्म आणि ॲम्प मिळून २०० पिकोफॅरड भरले तर तो आवडता सूर १५ हजार हर्ट्झच्या वर जातो, जिथं आत्याच काय मीही फारसं ऐकत नाही. तेच ४०० झाले तर तो पावणेअकरा हजारांवर उतरतो. मग झांजा कर्कश होतात, 'स' आणि 'श' फुसफुसायला लागतात, आणि त्यांच्या वरची ती हवा, खोलीत माणसं बसल्याची जाणीव, नाहीशी होते. कंपनीनं कागदावर १०० ते २०० पिकोफॅरड अशी मर्यादा लिहिली आहे ती याचसाठी. इथं मला कबूल करायला हवं, की या एका बाबतीत लाल-काळी वायर शील्डेडपेक्षा सरस होती. अंगावर जाळी नाही, त्यामुळे कंडेन्सरही लहान.

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांकडे मी एकदा तासभर बसलो होतो. तार तीच, भोपळा तोच. घोडीवर तारेखाली एक सुती दोरा सरकवायचा, ज्याला जीव म्हणतात. तो एखादा केसभर पुढे-मागे झाला की जवारी उघडते किंवा मिटते. त्या दोऱ्यातून सूर निघत नाही, पण त्याच्याशिवाय सुराला रूप येत नाही. प्लेअरची वायर ही त्या दोऱ्याच्या जातीची आहे. आपण समजतो ती नुसती वाट आहे. ती वाद्याचा भाग आहे.

यावरून काही लोक लगेच निष्कर्ष काढतात की मग वायर महागच हवी. चांदीची, रेशमात गुंडाळलेली, हजारोंच्या घरातली. मी अशा दोन वायरी हातात घेऊन पाहिल्या आहेत आणि माझं मत कडक आहे: या जागी किमतीला काम नाही, मापाला आहे. जाळी दाट हवी, कंडेन्सर लहान हवा, म्हणजे लांबी गरजेपुरतीच हवी, आणि डाख पक्का हवा. एवढं झालं की उरलेले पैसे नव्या सुईसाठी ठेवावेत. लॅमिंग्टन रोडची वायर मला पुण्याहून मुंबईला जायच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडली. काकांच्या मीटरवर एक मीटर तुकडा ८५ पिकोफॅरड दाखवत होता. ॲम्पचे १०० आणि आर्ममधल्या तारांचे वीसेक धरले तर बेरीज २०५. काका म्हणाले, "पाचासाठी कुणी भांडायला येणार नाही."

दुसऱ्या संध्याकाळी प्लेअर उघडला. आधी भिंतीतला प्लग काढला. ताट उचललं, बेल्ट बाजूला ठेवला, आर्मच्या मागचं वजन उतरवलं, सुईवर टोपण घातलं, आर्म दोऱ्यानं त्याच्या खुंटीला बांधला. मग काकांनी आतून एक जुनी गोधडी आणली आणि प्लेअर तिच्यावर पालथा घातला. बूड काढलं तर आर्मच्या बरोबर खाली नखाएवढ्या पितळी पट्ट्यांची एक रांग होती. आर्ममधून आलेल्या केसापेक्षा बारीक तारा एका बाजूनं त्या पट्ट्यांवर येतात, आणि बाहेर जाणारी वायर दुसऱ्या बाजूनं. पांढरी म्हणजे डावीचा सूर, निळी डावीची परतवाट. लाल उजवीचा सूर, हिरवी तिची परतवाट. हे रंग बहुतेक सगळ्या कंपन्या पाळतात. शिवाय आर्मच्या धातूची काळी तार, जी अर्थला जायची. आमच्या प्लेअरमध्ये ती हवेत लटकत होती.

"फोटो काढा," काका म्हणाले. मी काढला. "आणखी एक, जवळून." तोही काढला. त्यांच्या उमेदीच्या काळात ते कागदावर चित्र काढून ठेवत, आणि त्या कागदांची एक फाइल अजून त्यांच्याकडे आहे.

जुन्या प्लेअरांना वायर अशी आतूनच जोडलेली असे. टेक्निक्सचा एसएल-१२०० मार्क टू, १९७९ पासून जगभरच्या डीजेंनी राबवलेला, त्यालाही वायर आतून डाखलेली होती. २०१६ मध्ये ते मॉडेल पुन्हा आलं तेव्हा कंपनीनं मागे सॉकेट दिली. जर्मन प्लेअरांना पाच काड्यांचा गोल डिन प्लग असे. तो आपल्याकडच्या ॲम्पला बसत नाही म्हणून कापला जाई, आणि परतवाट आणि अर्थ यांचा गोंधळ तिथंच सुरू होई. आरसीए पिन मुळात अमेरिकेतल्या रेडिओ कॉर्पोरेशननं रेडिओच्या पेटीत ग्रामोफोन जोडण्यासाठी काढलेली. घरोघर ती पसरली, पण तिच्यात एक खोट राहिली: घालताना मधली काडी आधी टेकते आणि परतवाट नंतर. म्हणून ॲम्प चालू असताना पिन खोचली की भसाड्या आवाजात स्पीकर किंचाळतो.

डाखाबद्दल काका फार बोलले, आणि मला ते सगळं आवडलं. त्रेसष्ट टक्के कथील आणि सदतीस टक्के शिसं असलेली तार १८३ अंशांवर एकदम वितळते, मधेच चिखलासारखी होत नाही. आत राळ असते, ती धातूवरचा मळ खाते. कल्हईवाला नवसागर वापरतो आणि भांडं उजळतो, पण तो इथं टाकला तर दोन पावसाळ्यांत तार हिरवी होऊन तुटेल. पितळी पट्टी मऊ प्लास्टिकवर बसवलेली असते. इस्त्री तिच्यावर तीन सेकंदांच्या वर टेकवली तर पट्टी बुडते आणि पलीकडची केसाएवढी तार सुटते. "ती सुटली," काका म्हणाले, "की मग आर्म उघडायचा. आणि तो मी उघडणार नाही."

इस्त्री म्हणजे सोल्डरिंग आयर्न, पंचवीस वॅटची. तीन सेकंद हा किती मोठा काळ आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं. जुना डाख तांब्याच्या वेणीनं शोषून घेतला. नव्या वायरीची जाळी सोलून तिला पीळ दिला, टोकाला आधीच डाख चढवला. टेकवली, एक-दोन, उचलली. डाख चकाकत बसला. मंद आणि दाणेदार बसला असता तर तो थंड डाख, आज वाजेल आणि दिवाळीपर्यंत खरखरेल. पाचही जागा झाल्या. बाहेर जाण्याआधी वायर बुडाला एका क्लिपनं आवळली, म्हणजे कुणी ओढली तर ताण पट्टीवर येणार नाही. मग पिना. पहिली पिन सुरेख डाखली आणि तेव्हा लक्षात आलं की तिचं टोपण आधी वायरीत ओवायचं राहिलं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त ते टोपण उचलून माझ्यासमोर ठेवलं.

तिसऱ्या संध्याकाळी आत्याला आणलं. काकांच्याच ॲम्पवर जोडलं, अर्थची बेचकी स्क्रूखाली आवळली, आवाज वाढवला. शांत. इतकं शांत की गल्लीतून जाणारी सायकल ऐकू आली. रेकॉर्ड लावली तीच, भीमसेन जोशींची. हिज मास्टर्स व्हॉइसच्या त्या काळच्या एलपींवर ईएएलपी असं लिहिलेलं असलं तर ती मोनो, ईएएसडी असलं तर स्टीरिओ. ही ईएएलपी होती. दोन तानपुरे. तिसरा नाही. मी आत्याकडे पाहिलं.

आत्याच्या कपाळाला आठ्या होत्या. "अरे, हे समोर नाही बसलेले. कुठे बसलेत?"

मला काही कळेना. आवाज होता, दोन्हीकडून होता. पण खरंच, त्याला जागा नव्हती. खोलीभर पातळ पसरल्यासारखा, आणि तबल्याच्या बायाला घुमारा नव्हता. काका हसले आणि म्हणाले, "मोनोचं बटण दाबा."

दाबलं, आणि गाणं गेलं.

सगळंच्या सगळं. तानपुरे गेले, आवाज गेला, तबला गेला. राहिली फक्त पन्नास-साठ वर्षांची धूळ: टकटक, चरचर, एक लांब ओरखडा दर फेऱ्याला येणारा. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं खाचेच्या डाव्या-उजव्या हेलकाव्यात असतं आणि ते दोन्ही बाजूंना सारखंच पोचतं. एक बाजू उलटी जोडली असेल तर दोघांची बेरीज करताना सारखं ते सारं एकमेकांना खाऊन टाकतं. उरतं ते खाचेच्या वर-खाली असलेलं. आणि तिथं गाणं नसतं, कचरा असतो. आत्यानं काही क्षण ते ऐकलं. "हे एवढं घाण आहे होय त्याच्यावर?" ती म्हणाली. "मग मला गाणं कसं ऐकू येतं इतकी वर्षं?"

मी डावीच्या पांढऱ्या आणि निळ्या पट्टीची अदलाबदल केली होती. फोटोत बरोबर होतं. पण फोटो पालथ्या प्लेअरचा, आणि डाखताना मी तो उलट्या बाजूनं बसून वाचला. काकांना हे बहुधा आदल्या संध्याकाळीच दिसलं होतं. मी विचारलं तर ते म्हणाले, "सांगितलं असतं तर विसरला असतात."

पुन्हा गोधडी, पुन्हा इस्त्री, दोनदा तीन सेकंद. पुन्हा मोनोचं बटण. यावेळी दाबल्यावर गाणं उलट भरीव झालं आणि चरचर निम्मी कमी झाली. आत्या पाठ टेकून बसली. विलंबित संपायला वेळ होता, काकांनी चहा टाकला, आणि बाजू संपून सुई मधल्या रिकाम्या खाचेत फिरायला लागली तरी कुणी उठलं नाही.

निघताना मी लाल-काळ्या वायरीचं भेंडोळं कचऱ्याच्या डब्याकडे नेलं, तर काकांनी ते हातातून काढून घेतलं, नीट गुंडाळलं, रबर लावलं आणि पिशवीत घातलं. "टाकू नका. तुमच्याकडची बेल वाजत नाही म्हणालात ना?"

रविवारी मी ती दाराला लावली. तिथं ती उत्तम वाजते.